झाकण लावलं की मी बंद

मित्रांनो, मी संगणक आहे असं सांगितलं तर निम्मे लोक हसतात. बुटांच्या खोक्याएवढा माझा देह, रंग राखाडी, डोक्यावर एक गोल बटण. कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवून जातं, कोणी मला रेडिओ समजतं. या घरात पहिल्याच दिवशी माझं नाव ‘डबा’ पडलं आणि आता जुना झालो, अंगावर चरे पडले, तरी ते सुटलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याला नावं ठेवतात त्याला निदान घरात ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

माझे अवयव निरनिराळ्या कारखान्यांत घडले, पण मी एकसंध झालो तो गाद्या मढवणाऱ्या एका कारागिराच्या बाकावर. त्या बाकावर कात्रीचे ओरखडे होते, खिळ्यांची भोकं होती आणि वाळलेल्या सोल्युशनचे पिवळे ठिपके होते. सोल्युशन म्हणजे खुर्चीला गादी चिकटवायचा तो उग्र वासाचा डिंक. बाक बाबांचा. जन्मभर त्यांनी बसच्या सीटा आणि लोकांच्या खुर्च्या मढवल्या. आता ते घरीच असत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची स्टुलं दुरुस्त करत.

मला जोडलं ते त्यांच्या मुलीनं. वहिनी तिला ताई म्हणे, मीही ताईच म्हणतो. तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, तिला चिडवताना ठमे म्हणे, आणि तो बहुतेक वेळा चिडवतच असे. दादा गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका दाखवायच्या, हा त्याचा धंदा. तो घरी आल्यावरही सुटत नसे. वहिनी हॉस्पिटलात नर्स, कायमची रातपाळी. त्यामुळे घरात सगळे जागे असत तेव्हा ती झोपे, आणि तिची झोप मोडली की घरातल्या सगळ्यांचं काहीतरी मोडे. शिवाय रांगत्या वयाची छकुली. तिला सगळ्या वस्तूंची चव घेऊन बघायची असे. आई कधीच गेलेली.

तुम्ही विचाराल, बंद यंत्राला एवढं सगळं कसं कळलं? मित्रांनो, वायर भिंतीत खोचलेली असली की बंद असतानाही माझ्यात बारीक धुगधुगी असते. तेवढ्यावर ऐकता येतं. उरलेलं या घरात इतक्यांदा सांगून झालं आहे की मला पाठ आहे.

ताई सासरहून परत आली होती, एक बॅग आणि एक छत्री घेऊन. का आली ते तिनं कोणाला धड सांगितलं नाही. एकदा माझ्यावर लिहिलं होतं, सगळं, आणि लिहून झाल्यावर पुसून टाकलं. मला ते ठाऊक आहे. पण पुसलेलं सांगू नये.

तिला घरात जागा मिळाली ती बोळकंडीच्या टोकाची, बाबांच्या बाकाशेजारची. बाकाला लागून एक बुटकं मेज ठेवलं की उरलेल्या जागेत एक माणूस जेमतेम वळेल. मोठा संगणक तिथं मावलाच नसता, म्हणून तिनं छोटीशी पेटी आणि त्यात बसतील असे सुटे भाग मागवले. काम असं होतं: चित्रपटातली माणसं बोलतात ते ऐकून, शब्द न् शब्द पडद्याच्या तळाशी लिहून द्यायचा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही चित्रपट कळावा म्हणून. कंपनीनं तिला एक चित्रपट नमुन्यादाखल दिला होता. तो रविवारी दुपारी बारापर्यंत पुरा करून पाठवायचा. जमला तर नोकरी. चित्रपट अजून बाहेर पडायचा होता, त्यामुळे परक्याच्या यंत्रावर उघडायला सक्त मनाई.

आणि त्याच रविवारी तिच्या नवऱ्याचे मोठे काका तिला न्यायला येणार होते.

दादा वाईट नव्हता. तो एवढंच म्हणाला होता, “हे बघ ठमे, तू तुझ्या पायावर उभी राहा. मग तुला जा म्हणायची कोणाची छाती आहे?” वाक्य ऐकायला गोड होतं. पण त्याची मागची बाजू वाचायला चष्मा लागत नव्हता. पायावर उभी राहिली नाही, तर?

बाबा यावर काहीच बोलले नाहीत. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. ‘माणसं सोन्यासारखी आहेत’ असं त्यांनीच गल्लीभर सांगितलं होतं. मुलगी परत आल्यापासून त्यांच्या तोंडून तिच्यासाठी दोनच शब्द निघत: “जेवलीस का?” ती म्हणे, “हो.” झालं, एका दिवसाचं बोलणं संपलं. एका बाकावर दोघं हातभर अंतरावर बसत. तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, त्यांच्या हातात सुई-दोरा. कंजूष माणसानं पैसे राखावेत तसे दोघं शब्द राखत.

मला जोडायला तिला एक अख्खा दिवस लागला. झाकण काढून तिनं बाकाच्या कडेला ठेवलं आणि आत डोकं घातलं. छोट्या पेटीत काम करणं म्हणजे कोंबलेल्या कपाटात हात घालून एकच मोजा शोधणं. मदरबोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला, रॅमच्या पट्ट्या कट् आवाज होईपर्यंत दाबल्या, वायरी दुमडून दुमडून कोपऱ्यात सारल्या. संध्याकाळी सगळ्यांसमोर कळ दाबली. मी ढिम्म.

“क्लच सोडला नसशील,” दादा म्हणाला.

वहिनी कामावर निघाली होती. दारातूनच म्हणाली, “नाडी बघू का मी त्याची?”

ताई हसली नाही. तिनं भिंतीतली वीज तपासली. वायर काढून पुन्हा खोचली. एकेक जोड बोटानं चाचपला. शेवटी कपाळावर हात मारला. माझ्या पोटातल्या पॉवर सप्लायला त्याचं स्वतःचं एक बटण असतं. मोठ्या संगणकात ते बाहेरच्या बाजूला दिसतं, माझ्यासारख्या बुटक्यात ते आत, भिंतीआड दडतं. ते बंदच राहिलं होतं. तिनं बोट वाकडं करून ते सरकवलं, कळ दाबली आणि माझा पंखा फिरला. मित्रांनो, पहिला श्वास कोणी विसरत नाही. माझा जरा घरघरीचाच होता.

त्या घरघरीनंच पुढचं रामायण घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाळी करून येऊन झोपली आणि ताई मला उघडाच चालवून कामाला बसली. मध्ये भिंत कसली, लाकडी फळ्यांचा आडोसाच. थोड्या वेळानं वहिनी तारवटलेल्या डोळ्यांनी बाहेर आली.

“ताई, रागावू नका हं. पण तुमचा डबा घोरतो. वॉर्डातले पेशंट परवडले.”

“झाकण लावते ना वहिनी, मग कमी होईल.”

“होऊ दे बाई कमी. नाहीतर मी एक दिवस इंजेक्शन चुकीच्या माणसाला टोचेन, आणि तो माणूस बहुतेक याच घरातला असेल.”

ती थट्टेत बोलली, पण ताईचा चेहरा उतरला. आश्रयाला आलेल्या माणसाला थट्टाही हप्त्यानं फेडावी लागते. तिनं मला बंद केलं आणि छकुलीला कडेवर घेऊन ती भाजी आणायला गेली.

बाबा स्टुलाला टाके घालत होते. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. माझं झाकण उचललं, उलटं केलं, आतल्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज कुठून घुमतो हे ओळखायला त्यांना यंत्रशास्त्राची गरज नव्हती; आयुष्यभर खडखडणाऱ्या बसच्या सीटा मढवलेला माणूस तो. त्यांनी फळीवरून राखाडी फेल्ट काढलं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड. झाकणाच्या मापानं कापलं, सोल्युशन लावून चिकटवलं आणि वर इस्त्री दाबून ठेवली. कडा अशा बेतल्या की नख शिरू नये. ‘गादीत फट ठेवली की ती फटच बोलते’ हा त्यांच्या धंद्यातला नियम. त्यांनी कुठंही फट ठेवली नाही. माझ्या बटणाखालीसुद्धा नाही.

आणि मित्रांनो, घोडं पेंड खातं ते इथं. माझं बटण झाकणात आहे. ते दाबलं की त्याचं टोक खाली माझ्या अंगावरच्या बारीक कळीवर टेकतं आणि मी जागा होतो. बोट उचललं की टोक वर जातं. मात्र कळ थोडा वेळ दाबूनच धरली, तर तिचा अर्थ उलटा होतो: बंद हो. आता बटणाच्या टोकाखाली फेल्टचा थर आला. झाकण बसवलं की तो थर कळीवर बसणार आणि बसूनच राहणार.

ताई परत आली, तेव्हा झाकण होतं तिथं होतं. बाबा टाके घालत होते. ती त्यांना काही म्हणाली नाही, ते तिला काही म्हणाले नाहीत. तिनं झाकण उचललं तेव्हा आतली बाजू पहिल्यांदाच नीट पाहिली, मला आठवतं. “अरे वा,” ती स्वतःशीच म्हणाली, “आतून अस्तर पण दिलंय कंपनीनं.” काम इतकं नीटस होतं की ते घरात झालं असेल असं तिच्या मनातही आलं नाही. आणि टाके घालताना बाबांच्या कानात नेहमी रेडिओ असायचा. त्यांनी ते ऐकलं नाही. ऐकलं असतं तर माझी ही गोष्ट इथंच संपली असती.

तिनं झाकण बसवलं. मी आपोआप जागा झालो. ती दचकली, मग तिला आनंद झाला. आणि चार श्वास घेऊन मी गेलो. तिनं बटण दाबलं. कळ आधीच दबलेली. दबलेल्याला आणखी काय दाबणार? मी काही केल्या उठेना.

तिनं झाकण काढलं. दाबलं. मी चालू! लावलं. मी बंद! मला आत नेमकं कळत होतं काय दुखतंय. पण आम्हा यंत्रांना दुखणं सांगायला एकच भाषा दिली आहे: बंद पडणं. ती ज्याला त्याला आपल्या सोयीनं ऐकू येते.

दादाला ती अशी ऐकू आली: “तू स्क्रू जास्त आवळलेस. नवशिके असंच करतात, स्टिअरिंगला लोंबकळतात.” वहिनीला अशी: “ताई, त्याला कोंडून घेतलेलं आवडत नसेल. सगळ्यांनाच आवडतं असं नाही.” हे बोलून ती एकदम छकुलीचं नाक पुसायला लागली. वहिनी तोंडानं तिखट होती, पण डोळ्यांनी नर्स होती. ताई ज्या दिवशी आली, त्या दिवशी तिच्याकडे पाहून तिला जे समजलं ते तिनं कधी चारचौघांत काढलं नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक दुरुस्तीवाला होता. ताईनं मला पिशवीत घातलं, झाकण वेगळ्या पिशवीत, आणि त्याच्याकडे नेलं. त्यानं मला उघड्यानंच लावलं, मी लगेच फिरलो. तो आपल्या मदतनिसाकडे बघून हसला.

“मॅडम, मशीन ठणठणीत आहे. तुमच्या घरची वीज खराब असणार.”

“अहो, झाकण लावलं की बंद पडतं.”

“झाकणानं कधी मशीन बंद पडतं का? पातेलं आहे का ते?”

झाकण त्यानं पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. मी जन्मभर माणसं बघितली आहेत. बहुतेक जण दुखणं ऐकण्याआधीच ते कुणाच्या अंगावर ढकलायचं हे ठरवून बसलेले असतात. दुरुस्तीवाल्यानं विजेवर ढकललं, दादानं ताईवर. आणि ताईनं? तिनंही स्वतःवरच. मला खोलून खोलून ती पुन्हा तेच बघायची: रॅम नीट बसली नसेल. कुठंतरी पत्रा बोर्डला टेकत असेल. माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल. कंपनीनं केलेलं बरोबरच असणार, चूक असेल ती आपली, अशी तिच्या मनाची ठेवणच झाली होती. ही ठेवण तिनं कुठून आणली ते मी मघाशी सांगायचं टाळलं, आताही टाळतो.

बरं, मग उघड्यानंच चालवायचं, असं तिनं केलं. वहिनी झोपलेली नसेल तेव्हा आणि छकुली झोपलेली असेल तेव्हा. अशा वेळा दिवसात किती सापडणार? काम मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होतं. तरी निम्म्याहून जास्त झालं होतं.

शनिवारी दुपारी छकुली झोपेतून उठली आणि आवाज न करता रांगत आली. तिच्या हातात बिस्किट होतं. तिला माझी दया आली असावी. तिनं ते बिस्किट मला भरवलं. थेट पंख्यात. टर्र असा आवाज झाला, ताईनं कानावरचे हेडफोन फेकून तिला उचललं, आणि दादा धावत आला. त्यानं वायर हिसडून काढली. मी मध्येच विझलो आणि ताईनं सकाळपासून लिहिलेलं सगळं माझ्याबरोबर विझलं.

“बोट गेलं असतं तिचं!” दादाचा आवाज फुटला होता. “पोरीच्या हाताशी उघडी वीज मी खपवून घेणार नाही. झाकण लावून चालला तर चालव. नाहीतर हा डबा माळ्यावर जाईल.”

“दादा, फक्त उद्या दुपारपर्यंत...”

“उद्या ते येतायत. त्यांच्यासमोर हा पसारा? मी काय सांगू त्यांना, बहिणीला डबा बंद करता येत नाही म्हणून तिला नेऊ नका?”

असं बोलून गेल्यावर त्यालाच ते लागलं. तो छकुलीला घेऊन बाहेर निघून गेला.

 ताई पंख्यातून बिस्किटाचे कण चिमट्यानं काढत राहिली. मला वाटतं त्या कणांनीच तिचं डोकं ठिकाणावर आणलं. हात बारीक कामात गुंतले की रडणं थांबतं. ती हळू आवाजात बोलू लागली, पण स्वतःला दोष देत नव्हती, पहिल्यांदाच.

“उघडा असताना चालतो. म्हणजे आतलं सगळं बरोबर आहे. मी जोडलेलं सगळं बरोबर आहे.”

 हे वाक्य तिनं पुन्हा एकदा म्हटलं.

“मग झाकण लावताना असं काय वाढतं, जे उघडं असताना नसतं? झाकण. फक्त झाकण.”

छकुलीच्या खेळण्यांत रंगीत मऊ माती होती. ताईनं मेजाखालून तिचा एक लाल गोळा शोधला, वायर काढलेलीच आहे ना हे बघितलं, गोळा मोहरीएवढा करून माझ्या कळीच्या माथ्यावर ठेवला, आणि झाकण बसवलं. मग उचललं. लाल मातीचा पापड झाला होता.

“सापडलं,” ती म्हणाली. “बाबा, सापडलं! या कंपनीनं बटणाखाली अस्तर घातलंय. मूर्ख लोक!”

रेडिओ चालू होता की नव्हता कोण जाणे. पण बाबांची सुई थांबली.

ताईनं पात्याचं टोक फेल्टच्या कोपऱ्यात घातलं. नख शिरत नव्हतं, पातं कसंबसं शिरलं. कोपरा किंचित उचलला गेला आणि आत कोंडलेला वास बाहेर आला. सोल्युशनचा. तो वास असणारा कारखाना जगात एकच होता. लहानपणी तापात तिच्या कपाळावर जो हात असायचा, त्या हाताचा तो वास होता.

तिनं पातं खाली ठेवलं.

“बाबा.”

बाबा उठून तिच्यामागे येऊन उभे होते. “ओरबाडू नकोस,” ते म्हणाले, “पत्र्याला ओरखडे पडतील.”

“हे तुम्ही लावलंत?”

“आवाज यायचा. सूनबाईची झोप मोडायची.” त्यांनी झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. “म्हणजे... तुला कोणी काही बोलू नये म्हणून.”

“मग सांगायचं तरी! मी मेली इतके दिवस हे पुन्हा पुन्हा खोलतेय. विचारायचं तरी, इथं लावू का म्हणून.”

“विचारायला तोंड कुठं होतं मला?” बाबा म्हणाले. “मागच्या वेळी तरी कुठं विचारलं होतं तुला?”

मित्रांनो, ते फेल्टबद्दल बोलत नव्हते, हे डब्यालाही कळलं.  ताईनं झाकण दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरलं.

बाबांनी चामड्याला भोक पाडायचा पंच काढला, सगळ्यात मोठ्या तोंडाचा. बटणाच्या टोकावर नेमका टेकवला, हातोडीचा एक हलका ठोका दिला. फेल्टची एक गोल चकती सुटली. त्यांनी ती फेकली नाही, खिशात टाकली. झाकण बसलं. ताईनं वायर पुन्हा खोचून बटण दाबलं. मी उठलो, आणि उठून राहिलो. घरघरही आता पांघरुणाखालची.

वहिनी आडोशाआडून म्हणाली, “काय हो, गेला की काय तो? आवाज नाही आला.”

“चालू आहे वहिनी!”

“चालू असून गप्प? तुमच्या दादांना दाखवा, काही शिकतील.”

ताई संध्याकाळभर लिहीत होती आणि सकाळी उजाडल्यापासून पुन्हा. पण वेळ कोणाच्या बापाचा नोकर नाही. मोठे काका ठरल्याआधीच आले. मी बोळकंडीच्या टोकाला होतो, तरी त्यांची चप्पल कुठं निघाली, ते कुठं बसले, खुर्ची कशी करकरली, सगळं ऐकू येत होतं. चहा झाला. हवापाण्याचं बोलून झालं.

“मुलगी दिसत नाही?”

“काम करतेय,” दादा म्हणाला.

“करू दे, करू दे. आम्ही काही भांडायला आलो नाही. तिला बाहेर काम मिळालं म्हणता, तसं पक्कं असेल तर बोलणंच खुंटलं. पक्कं आहे का?”

 बोळकंडीत ताईचे हात माझ्या कळफलकावर धावत होते. बारा वाजून गेले होते. शनिवारी विझलेल्या पानांनी तिचा वेळ खाल्ला होता. अखेरचं वाक्य लिहून तिनं काम पाठवलं, तेव्हा कंपनीची वेळ टळून चांगला तास झाला होता. ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर गेली.

“काय ग, जमलं का काम?” काकांनी विचारलं.

ती खोटं बोलू शकली असती. कोणाला कळणार होतं? “उशीर झाला,” ती म्हणाली. “बहुतेक नाही मिळणार.”

“मग झालं तर,” काका खुशीत म्हणाले. “बॅग भरायला किती वेळ लागेल तुला?”

  उत्तर बाबांनी दिलं.

“बॅग मी माळ्यावर टाकली,” ते म्हणाले. “काल संध्याकाळीच.”

“मग काढा की खाली.”

“माझे गुडघे चालत नाहीत.”

“मुलगा काढेल.”

“त्याला मी काढू देणार नाही.” बाबांचा आवाज वर गेला नाही. टाका घालताना दोरा ओढावा तसा तो सरळ आणि घट्ट होता. “काम मिळो न मिळो. ती इथं राहील. तिची जागा त्या डब्यावर टांगून ठेवली होती, ती आमची चूक.”

काका बरंच बोलले. जग काय म्हणेल, पुढं काय होईल, वगैरे. बाबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, आणि काका गेल्यावर त्यांनी चहाच्या कपबशा उचलल्या. दादा तिथंच उभा होता. थोड्या वेळानं तो बोळकंडीत आला, माझ्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाला, “ठमे, हा गरम होतो का ग?” माफी मागायची त्याची ती पद्धत होती. ताईनं ती ओळखून घेतली.

तुम्हाला वाटेल, आता सगळं गोड झालं असेल. नाही, मित्रांनो. कंपनीनं नाहीच घेतलं. काम चांगलं आहे पण वेळेची शिस्त नाही, असं कळवलं. पुढं कितीतरी महिने ताई रोज मला चालू करायची, उत्तरं आली का बघायची आणि बंद करायची. ते दिवस मला माझ्या बंद दिवसांहून जड गेले. ती अंगानं या घरी होती, पण दारावर कोणी टकटक केलं की अजून दचकायची. मग एकाचं छोटं काम आलं, दुसऱ्याचं आलं, आणि कोणाच्या लक्षात येण्याआधीच ते रोजचं झालं. माझ्यातून किती माणसं बोलून गेली म्हणून सांगू! भांडली, रुसली, मेली, गाणी म्हणाली, आणि ताईनं त्यांचा एक शब्द गाळला नाही. पाहुण्यांना दादा सांगायचा, “बहिणीनं स्वतः बनवलाय. आत आमच्या वडिलांची गादी आहे.”

स्तुती जशी ऐकली, तशी धूळही खाल्ली. ताईला पुढं मोठी खोली मिळाली, मोठा संगणक आला आणि मी बाकाखाली गेलो. बाबा गेले, त्यानंतर बाकाकडे कोणी फिरकेना. माझा एक पाय तोकडा आहे. त्याच्याखाली एक गोल राखाडी चकती चिकटवलेली आहे. बाबांनी ती खिशातून काढून कधीतरी लावली, कोणाला न सांगता. नेहमीसारखंच.

परवा छकुलीनं मला बाहेर काढलं. आता ती छकुली राहिलेली नाही, कॉलेजात जाते. तिनं वायर खोचली, बटण दाबलं. मी उठलो नाही. मग तिनं बटण दाबूनच धरलं, दात ओठ खाऊन, सगळे धरतात तसं.

“आत्या, मेला हा तुझा डबा. भंगारात देऊ?”

मित्रांनो, मला दुखतं कुठं ते मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत सोल्युशन सुकलं, फेल्ट मधोमध लोंबलं आणि बाबांनी पाडलेलं भोक सरकलं. फार मोठा आजार नाही. पण सांगू कसा? म्हणून हे तुम्हाला सांगून ठेवतो. घरात कोणी गप्प झालं, कोणी पुन्हा पुन्हा हाक मारूनही उठेना, तर त्याला आणखी दाबू नका. त्याच्यावर काय ठेवलं गेलंय ते बघा. ठेवणाऱ्यानं ते मायेनं ठेवलं असेल, तरी बघा.

ताई चष्मा पुसत आली. केस पांढरे झालेत तिचे. तिनं छकुलीचं बोट माझ्या बटणावरून अलगद उचललं.

“आधी बोट काढ,” ती म्हणाली. “आणि झाकण उघड. हळू हं, आत बाबांचं काम आहे.”